शाई धरेपर्यंत

महिपत शिगवण आयुष्यात कुणाशी वाईट वागला असं कुणीही म्हणणार नाही. माणूस सज्जन, निर्व्यसनी, हाताचा कसबी. खोड एकच. बिघाड दिसला की तो काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, आणि कुठला बिघाड आपल्या पान्याने सुटणारा नाही हे त्याला कधी कळलं नाही. या एवढ्याशा खोडीने त्याने आपल्या बायकोचं जे करून ठेवलं, ते एखाद्या दारुड्यालासुद्धा जमलं नसतं. दारुड्याला निदान लोक नावं ठेवतात आणि बायकोची कीव करतात.

नोकरी त्याने अलोऱ्याला काढली, वीजप्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून. कॉलनीत सगळी कुठून कुठून आलेली माणसं. शेजारी सांगलीचा, समोरचा नागपूरचा, साहेब आणखी कुठला तरी. कोण कुणाच्या दारात कुठल्या वारी काय घेऊन गेलं याचा हिशोब तिथे कुणी ठेवत नव्हतं. महिपतला ते मानवलं. राहीला, त्याच्या बायकोला, ते कधीच मानवलं नाही. एखाद्या बाईशी जरा जीव जडावा तोवर तिच्या नवऱ्याची बदली व्हायची, ट्रकवर कपाटं चढायची आणि राही हात हलवत फाटकाशी उभी राहायची. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, मग महिपतने तो विषय बंद केला. राहीने नुसतं बोलणं बंद केलं.

म्हणून निवृत्तीनंतर तिने आयुष्यातला पहिला आणि शेवटचा हट्ट धरला. म्हणाली, जिथली माणसं कुठे जात नाहीत अशा आळीत मला घर घ्या. त्यांनी रत्नागिरीत मांडवीला घर घेतलं. पुढे ओटी, मागे पडवी, पडवीमागे चार माड आणि दगडी गडग्यापलीकडे मैनाचं घर.

मैना मासे विकणारी. आवाज असा की बाजारात ती भाव सांगू लागली की शेजारच्या पाटीवालीला हातवारे करावे लागत. मुलगा संदेश मच्छीमार बोटीवर, सून नम्रता घरात, मुलगी योगिनी आंजर्ल्याला दिलेली. मूल नसलेल्या बाईला अशा आळीत कसं वागवतात हे सांगायला नको. तिला कुणी काही बोलत नाही. डोहाळजेवणाचं बोलावणंही येतं, फक्त ओटी भरायची वेळ आली की तिला नेमकं कुणीतरी आतून पाण्याचा तांब्या आणायला पाठवतं. नम्रताच्या डोहाळजेवणाला राही सवयीने स्वतःच तांब्या घेऊन उठली होती. मैनाने भर बायकांत तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "खय चाललीस? ओटी कोन भरनार मग?" त्या रात्री राही जेवली नाही. महिपतने विचारलं, पित्त झालंय का?

महिपतचं तोवर दुसरंच चाललं होतं. घरी बसून हात शिवशिवत होते. फोनवर कुठेतरी त्याने अंड्यावर चित्र काढणारं यंत्र पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. सुटे भाग कुरियरने आले. एक मोटर अंडं फिरवते, दुसरी पेनाचा दांडा डावीउजवीकडे नेते, तिसरी इवलीशी मोटर पेन उचलते आणि टेकवते. अंडं दोन रबरी वाट्यांच्या मध्ये आडवं धरायचं, लॅपटॉपवर चित्र द्यायचं, आणि यंत्र कुरकुरत ते अंड्यावर काढत जातं. उपयोग शून्य. राही त्याला 'तुमची कोंबडी' म्हणायची.

"घातलं का आज काही कोंबडीने?" ती चहा आणून ठेवताना विचारी.

"घातलं, पण वाकडं."

वाकडंच होतं. अंड्याच्या पोटावरून एक गोल रेघ काढायला सांगितली, तर निघाली तिथे ती परत येईना. टोकं चुकायची. एका बाजूला रेघ ठसठशीत, दुसऱ्या बाजूला पेन अंड्याला शिवतच नसे. जिथे पेन टेकेल तिथे शाईचा थेंब. आणि पावसाळी हवेत फ्रिजमधलं अंडं बाहेर काढलं की त्याला घाम सुटायचा आणि सगळी शाई बोटाला यायची. महिपतला वर्कशॉपातल्या रावजी मिस्त्रीने शिकवलं होतं की बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने सुधारलं ते तुला कधी कळणार नाही. त्याप्रमाणे तो रोज एकच गोष्ट बदलायचा आणि रोज एकदोन अंडी वाया घालवायचा. चाचणीसाठी त्याने एक आकृती ठरवली होती. एकात एक गोल, त्यांच्यावरून आडवी आणि उभी फुली. गोल जुळतात का, फुली सरळ येते का, दोन्ही एकदम कळायचं. पेन लाल, कारण पांढऱ्यावर लाल रेघेतली चूक लगेच दिसते. यात वावगं काही नव्हतं. वाया गेलेल्या अंड्यांची राही भुर्जी करायची आणि कवचं जास्वंदीच्या मुळाशी चुरडून टाकायची.

आषाढात नम्रता बाळंत झाली. मुलगी, दिवस भरायच्या आधीच आलेली, हातात मावेना एवढी. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. याआधीचं नम्रताचं मूल जगलं नव्हतं. पोटात असतानाच त्या मुलाचं नाव ठरवलं होतं, सगळ्या आळीला सांगितलं होतं, आणि ते नाव हाक मारायला कधी मिळालंच नाही. मैना बाजारात कुणाच्या बापाला भीत नसे, पण त्या पेटीच्या काचेला बोट लावायलाही ती धजत नसे. एका दुपारी ती गडग्याशी आली.

"राहीबाय, ह्या पोरीचा नाव तू सुचव गो. आमी ठेवतो ता ऱ्हात नाय. तुज्या तोंडचा ऱ्हायल."

राहीला आधी आपण बरोबर ऐकलं असं वाटेना.

"आनि कुनाला बोलू नको हां. तू, मी आनि नम्रता. संदेशला पन नाय सांगायचा. बारशाला योगिनी कानात सांगल तवा काय ता लोकांना कळू दे. गेल्या टायमाला आदी बोललो नि आमच्या तोंडाला पाना पुसली."

राहीला विचार करावा लागला नाही. तिच्याजवळ एक नाव होतं. अलोऱ्याला, नवस चालू असतानाच्या दिवसांत, तिने ते ठरवून ठेवलं होतं आणि नंतर कुणाला दिलं नव्हतं. नणंदेला मुलगी झाली तेव्हाही ती गप्प बसली होती. तिने गडग्यावरून वाकून मैनाच्या कानात सांगितलं. दिशा. मैनाने ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि मान हलवली.

त्या दिवशी जेवताना राहीला राहवलं नाही. नवऱ्याला सांगितलं म्हणजे बाहेर सांगितलं असं कुठली बायको धरते?

"कुणाला बोलू नका," तिने पुन्हा बजावलं. "पाळण्याखालून मी तिला 'घ्या' म्हणून द्यायची आहे. मैनाताईंनी मलाच सांगितलंय. योगिनी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला."

"मी कशाला बोलतोय," महिपत म्हणाला. राहीचा चेहरा त्याने कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता. त्याला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं की त्याचे हात शिवशिवायचे. बारशाला आपल्याकडून काहीतरी न्यायला हवं. बाजारात मिळणारं नको, आपल्या हातचं. त्याने ठरवलं की अंड्यावर दिशाचं नाव काढायचं, भोवती वेलबुट्टी, एकही रेघ न चुकता. राहीला आत्ता सांगायचं नाही, तिला तेव्हाच बघू दे.

मुलगी घरी आली. नंतर श्रावण लागला. श्रावणात राहीच्या घरात अंडं शिजत नाही, चुलीजवळही येत नाही. यंत्र पडवीत होतं म्हणून तिने चालवून घेतलं, पण वाया गेलेल्या अंड्यांना ती हात लावीना. महिपतने श्रावण संपेपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण बारसं श्रावणातच ठरलं होतं आणि यंत्र अजून वाकडं काढत होतं. चांगली धडधाकट अंडी, लाल गोल आणि लाल फुल्या काढलेली, तो पिशवीत घालून तिठ्यावर ठेवायचा, जिथे सकाळी घंटागाडी येते. घंटागाडीच्या आधी कुत्री यायची आणि पिशवी फाडायची.

तीन रस्ते मिळतात तिथे अंडं, अंड्यावर लाल फुली, आणि श्रावण महिना. उतारा म्हणजे काय हे महिपतला काय ठाऊक नव्हतं? तो कुणब्याच्या घरात जन्मलेला, चिपळूण तालुक्यातल्या खेड्यात वाढलेला. लहानपणी एकदा तिठ्यावर असलं काही दिसलं तेव्हा आईने त्याला कडेवर उचलून लांबून वळसा घातला होता. पण कॉलनीतल्या तीस वर्षांत ते त्याच्या डोक्यातून इतकं धुऊन निघालं होतं की आपल्या हातातल्या पिशवीत तेच आहे, हे त्याला दिसलंच नाही.

दिसलं ते धाकू तांडेलाला. धाकूने तारुण्यात होडी चालवली होती, आता ओसरीवर बसून आळी चालवायचा. त्याने पिशवी ओळखली. दोन दिवसांत ओळखलेली गोष्ट घराघरांत पोहोचली. दूधवाला राहीच्या पायरीवर पिशवी ठेवून बेल न वाजवता जाऊ लागला. नारळ उतरायला येणारा आला नाही. समोरच्या घरातली बाई राही दिसली की नातवाला आत ओढायची. मूल नसलेली बाई, शेजारी नवं अशक्त बाळ, आणि तिठ्यावर अंडी. धाकूला गोष्ट जुळवायला फार डोकं लावावं लागलं नाही.

तेव्हा मैना उभी राहिली. धाकूच्या ओसरीसमोर पाटी खाली ठेवून तिने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा त्याला धुतला.

"त्या बापयाचा येडेपना हाय तो! मिशन घेऊन बसलाय, अंड्यावर रेगा मारतो. मी सोता बगून आली. आनि राहीबद्दल कोन बोलल त्याच्या घरात मी मासा टाकनार नाय, सांगून ठेवतंय!"

आळी गप्प झाली. मैनाकडून मासा न मिळणं कुणालाच परवडणारं नव्हतं. पण बाळाला दोन दिवस कणकण आली तेव्हा नम्रता सासूशी बोलेनाशी झाली, हेही मैनाने गडग्याशी राहीला सांगितलं. "माज्या मनात काय नाय. पन पोरगी घाबरते. भावजींना सांग, ती अंडी तिठ्यावर नको. परसात पुरा."

राहीने ती पुरली. श्रावणात अंड्याला हात न लावणारी राही, संध्याकाळी माडाच्या मुळाशी खुरप्याने खड्डे करून नवऱ्याची अंडी पुरत होती, आणि धाकू आपल्या कौलांवरचा पाचोळा काढता काढता वरून ते पाहत होता. यानंतर धाकूला काही बोलायचीही गरज उरली नाही.

तिने महिपतला सगळं सांगितलं. दूधवाल्याचं, नारळवाल्याचं, नम्रताचं. "बंद करा ते आता," ती म्हणाली. "मला इथे राहायचंय."

महिपत चिडला. एकविसाव्या शतकात, म्हणाला, हातात स्मार्टफोन आणि डोक्यात काय? मग शांत झाला आणि विचार करू लागला, आणि विचार करणारा महिपत चिडलेल्या महिपतपेक्षा जास्त धोक्याचा होता. त्याच्या मनाने ही गोष्टसुद्धा बिघाडासारखी हातात घेतली. लोकांना काय दिसलं? वेड्यावाकड्या फुल्या, न जुळलेले गोल, फिसकटलेलं लाल. कुणालाही ते मंत्रतंत्र वाटेल. म्हणजे चूक कशात होती? दर्जात. रेघ स्वच्छ असती, अक्षर मोत्यासारखं असतं, तर कुणाच्या मनात असलं आलं असतं का? बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर एक निर्दोष अंडं ठेवलं की तोंडं आपोआप बंद होतील. राहीची मान वर होईल. हे त्याला इतकं पटलं की राहीच्या 'बंद करा'चा अर्थ त्याने 'नीट करा' असा घेतला.

मग तो झपाटल्यासारखा लागला. रबरी वाट्या साबणाने धुतल्या, कारण त्यांच्यावर बोटांचं तेल बसून अंडं घसरत होतं. मागची स्प्रिंग जरा आवळली. निघालेली रेघ पुन्हा आपल्या टोकाला येऊन मिळू लागली. अंडं वाट्यांत बसवलं की आधी हाताने फिरवून बघायचं, हेलकावे खातं का. खात असेल तर काढून पुन्हा बसवायचं. त्याने एक बाजू फिकी पडणं थांबलं. दांड्याचा स्क्रू सैल होता, त्यामुळे वळणं थरथरायची. तो घट्ट केला, वेग कमी केला. पेन टेकल्यावर यंत्र क्षणभर घुटमळायचं आणि तिथेच थेंब जमायचा. ते घुटमळणं त्याने कमी केलं. देवनागरी अक्षरांची शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी यायची, दि वर एक आणि शा वर दुसरी. त्याने अक्षरं आधी काढायला लावली आणि शिरोरेघ शेवटी, एका दमात.

राहिली ती शाई. ती धरेना. पुसलं की जायची, ओला हात लागला की पसरायची. अंडं फ्रिजबाहेर काढून दिवसभर तसंच ठेवून पाहिलं. घाम गेला, पण शाई तरी निघायचीच. शेवटी त्याला सापडलं की कवचावर तेलकट थर असतो. कापसावर व्हिनेगर घेऊन अंडं पुसलं, सुकू दिलं, आणि पेन पक्क्या शाईचं आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते अंडं नळाखाली धरलं, अंगठ्याने घासलं. काही झालं नाही. त्याला इतका आनंद झाला की राहीला हाक मारावीशी वाटली. पण ती बारशालाच दाखवायची गोष्ट होती, म्हणून त्याने आनंद गिळला.

'दिशा' बारशाच्या आदल्या दिवशी उमटलं. एका अंड्यात, एका प्रयत्नात. भोवती वेल, वेलीवर चिमण्या, सगळं लाल, कारण लाल शुभ असतं. वेलीचं टोक जिथून निघालं तिथेच येऊन मिळालं होतं आणि जोड कुठे आहे हे त्याला स्वतःलाही भिंग लावून शोधावं लागलं. इतक्या वर्षांत वर्कशॉपातही असं काम हातून झालं नसेल. त्याने ते बल्बच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं.

बारशाला राही हिरवी साडी नेसली. झबलं तिने स्वतः शिवलं होतं. निघताना म्हणाली, "तुम्ही नुसते बसा हं पुरुषांत. लवकर घरी येऊया म्हणू नका."

बायका आत पाळण्याभोवती, पुरुष बाहेर मांडवात खुर्च्यांवर. महिपतने ठरवलं होतं की आत नाव पुकारलं की मग खोकं उघडायचं. तेवढं भान त्याला होतं. पण धाकू नेमका शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय शिगवनानू, आज तिठ्यावर काय ठेवलात की नाय?"

चारजण हसले. संदेश हसला नाही, पण त्याने मान खाली घातली. महिपतला ते खाली गेलेलं डोकं झोंबलं. आज याच पोराचा दिवस, आणि त्याला आपली लाज वाटतेय. त्याने खिशातून खोकं काढलं.

"हे बघा," तो म्हणाला. "याला करणी म्हणतात का? बघा अक्षर. बघा वेल. हाताने काढून दाखवा असं कुणीही."

अंडं संदेशच्या तळहातावर आलं. पुरुष वाकून बघू लागले. खरोखर सुंदर होतं ते. एकदोघांनी मान डोलावलीसुद्धा. "दिशा," संदेशने वाचलं. "ही कोन, काका?"

महिपत हसला. "कळेल आत्ता."

त्याने वचन मोडलं असं त्याला अजूनही वाटत नाही. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं.

संदेशला बापड्याला काय ठाऊक! तो खुशीत उठला. काकांनी पोरीसाठी भेट आणलीय, आणि या अंड्यांवरून घरात जी धुसफूस चाललीय ती हे पाहून मिटेल, असं त्यालाही वाटलं असणार. तो आत गेला आणि ते अंडं त्याने नम्रतापुढे धरलं.

नम्रताची किंकाळी मांडवात ऐकू आली. गाणं थांबलं. मग आतून नुसतं बाळाचं रडणं येत राहिलं.

मैना बाहेर आली. अंडं तिने पदरात धरलं होतं, हात न लावता. आवाज चढवायची तिला जन्माची सवय, पण तेव्हा ती इतकं हळू बोलली की मागच्या खुर्चीवरच्यांना पुढे वाकावं लागलं.

"भावजी, ह्या नाव तुमाला कुनी सांगितला?"

महिपतला अजून कळलं नव्हतं. तो उभा राहिला. "मैनाताई, आधी नीट बघा तरी. रेघ कुठे तुटलेली नाही. पूर्वीच्यासारखं नाही ते."

"कुनी सांगितला?"

उंबऱ्यात राही उभी होती. ती म्हणाली, "मी."

मैना वळली. उंबऱ्यापाशी येऊन तिच्यासमोर उभी राहिली. महिपतने दोघींच्या मध्ये काही बोलायला तोंड उघडलं. आणि तेव्हा, पहिल्यांदा, आईच्या कडेवरून पाहिलेला तो तिठा त्याला आठवला. न पुकारलेलं नाव, अशक्त पोर, लाल शाई, अंडं. ही सगळी जुळणी त्याने स्वतः, एकेक करून, महिनाभर खपून केली होती.

"आळीशी भांडली मी तुज्यासाटी," मैना म्हणाली. "मी म्हटला, ही तशी नाय."

"मैनाताई, ते तसलं काही नाही हो. तुम्ही मशीन बघितलीय. त्यांना आवड आहे एवढंच—"

"मला ठावं हाय गो," मैना म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मला ठावं हाय. पन ती माज्या नातीची आई हाय. तिच्या पदरातला एक गेलाय. तिला मी काय सांगू?"

तिने पदर पुढे केला. राहीने अंडं उचललं. मैना आत गेली.

आत थोडी कुजबुज झाली. मग गाणं पुन्हा सुरू झालं, जरा घाईनेच. पाळण्याच्या एका बाजूला योगिनी होती. दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातली ती नातवाला आत ओढणारी बाई उभी राहिली आणि तिने 'घ्या' म्हणून बाळ पाळण्याखालून दिलं. योगिनीने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, मग वर मान करून नाव पुकारलं. संस्कृती. कुणी सुचवलं, कधी सुचवलं, कुणास ठाऊक. बायकांनी टाळ्या वाजवल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहीनेही वाजवल्या. तिच्या एका मुठीत अंडं होतं, त्यामुळे आवाज झाला नाही.

अंडं मुठीत धरून ती पुढे चालत होती. मागून महिपत बोलत होता. उद्या मी स्वतः जातो, संदेशला समजावतो, यंत्र त्यांच्या दारात नेऊन चालवून दाखवतो. चपला काढतानाही तो बोलतच होता. राही थेट मोरीवर गेली. साडीही बदलली नाही. तिने नळ सोडला, भांड्याचा साबण घेतला आणि अंड्यावरचं नाव घासायला लागली. आधी बोटांनी. मग काथ्याने. मग तारेच्या घासणीने, अंडं फुटू नये इतपत जपून, पुन्हा पुन्हा, त्याच जागी.

महिपत दारात उभा राहून बघत होता.  गडग्यापलीकडे बायका जेवायला बसल्या होत्या आणि कुणीतरी बाळाला नव्या नावाने हाक मारून बघत होतं.

राहीने अंडं पाण्याखाली धरलं. फेस वाहून गेला. दि, शा, वर शिरोरेघ, भोवती वेल. एक रेघही पुसट झाली नव्हती. तिने घासणी खाली ठेवली.

"धरली हो शाई," ती म्हणाली.